‘सय’, ‘ध्यान’ आणि ‘विसर’ : मिलिंदपञ्हातील स्मृतिविचार आणि नांदेड-लातूर परिसराची बोली

आंबेडकरी प्रेरणेच्या साहित्याचे पदव्युत्तर वर्गात अध्यापन करताना पारिभाषिक शब्दांची एक अडचण वारंवार उभी राहते. अष्टांगिक मार्गाच्या सातव्या अंगाला, म्हणजे ‘सम्मा सति’ला, मराठीत सर्रास ‘सम्यक स्मृती’ म्हटले जाते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या भाषांतरात काहीही चूक नाही. परंतु आजच्या मराठीत ‘स्मृती’ या शब्दाला दोनच अर्थ उरले आहेत. एक, गेलेल्या माणसाची वा काळाची आठवण. दुसरा, धर्मशास्त्राचा ग्रंथ. यांतील दुसऱ्या अर्थाशी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झालेले मनुस्मृतीचे दहन कायमचे जोडले गेले आहे. त्यामुळे ज्या विद्यार्थ्याच्या घरी बुद्धवंदना होते, त्याच्यासमोर ‘सम्यक स्मृती’ हा शब्द आला, की एकतर ‘चांगल्या आठवणी जपणे’ असा गोड अर्थ त्याच्या मनात उभा राहतो किंवा ‘स्मृती’ या शब्दाविषयीची जुनी अढी जागी होते. त्याने असा अर्थ केला, तर नवल नाही. दोष शब्दाच्या प्रवासाचा आहे.

‘मोह’ या शब्दाची गतही अशीच झाली आहे. लोभ, द्वेष आणि मोह या तीन अकुशल मुळांपैकी ‘मोह’ म्हणजे पालीत गोंधळ, मूढता, वस्तू जशी आहे तशी न दिसणे. मराठीत मात्र ‘मोह’ म्हणजे दागिन्याचा, पदाचा, पैशाचा. म्हणजे तो लोभाचाच धाकटा भाऊ झाला. ‘प्रमाद’ म्हणजे पालीत बेसावधपणा. मराठीत तो हातून घडलेला अपराध झाला. आतली अवस्था दाखविणारे शब्द बाहेरच्या कृतीकडे सरकले, असे या तिन्ही उदाहरणांवरून दिसते. १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी केंद्र उभे राहिल्यानंतर विपश्यनेच्या प्रसाराबरोबर ‘सजगता’ हा शब्द मराठीत रुळला. तो सोयीचा आहे. पण ‘सति’मधील आठवण हा घटक त्याने पार पुसून टाकला. अंगुत्तर निकायातील नगराच्या उपमेत ‘सति’ला वेशीवरचा द्वारपाल म्हटले आहे आणि तिचे लक्षण सांगताना फार पूर्वी केलेले, फार पूर्वी बोललेले आठवणारा, असेच वर्णन येते. द्वारपाल जागा असतो हे खरे. पण गावचा माणूस कोणता आणि परका कोणता, हे त्याच्या लक्षात नसेल तर नुसत्या जागरणाचा उपयोग काय?

जागेपणा आणि आठवण यांना एकत्र धरून ठेवणारा हा विचार समजून घ्यायचा, तर माणसाच्या रोजच्या विसराळूपणापासून सुरुवात करावी लागते. मिलिंदपञ्हाने तेच केले आहे. आणि नांदेड-लातूर परिसराच्या बोलीत त्यासाठी लागणारी सामग्री आजही शाबूत आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

मिलिंदपञ्ह हा ग्रंथ मराठवाड्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसराला ‘नागसेनवन’. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव विद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्या भिक्षूचे नाव वनाला, या नामकरणातील औचित्य वेगळे सांगण्याची गरज नाही. नांदेड, उदगीर, अहमदपूर, कंधार या भागांतून पहिल्या पिढीचे विद्यार्थी शिकायला गेले ते याच आवारात. तरीही त्या ग्रंथातील स्मृतिविषयक प्रकरण मराठीच्या वर्गात क्वचितच वाचले जाते. रथाची उपमा तेवढी सर्वांना पाठ असते.

प्रसंग असा. राजा मिलिंद विचारतो, फार पूर्वी केलेले काम माणसाला कशाने आठवते? नागसेन उत्तर देतो, स्मृतीने. राजाला हे पटत नाही. त्याच्या मते आठवण्याचे काम चित्त करते. नागसेन प्रतिवाद करीत नाही. तो उलट विचारतो, एखादे काम करून ते विसरून गेला आहात, असे आपल्या बाबतीत कधी घडले आहे काय? राजा म्हणतो, घडले आहे. मग त्या वेळी आपल्याला चित्त नव्हते काय? चित्त होते, पण स्मृती नव्हती, असे राजाला कबूल करावे लागते.

या युक्तिवादाचे वैशिष्ट्य त्याच्या पुराव्यात आहे. आत्मा, चित्त, विज्ञान यांवर शास्त्रार्थ करायला बसलेल्या राजाकडून नागसेन जो पुरावा घेतो, तो एका विसरलेल्या कामाचा आहे. विसरण्यासारखी क्षुल्लक, थोडी लाजिरवाणी गोष्ट येथे प्रमाण म्हणून उभी राहते. चित्त जागेवर आहे, डोळे उघडे आहेत, माणूस शुद्धीवर आहे आणि तरीही हवी ती आठवण हाताशी नाही. म्हणजे ‘आठवणारा मी’ म्हणून जो कायमचा मालक माणूस गृहीत धरतो, त्याचा आपल्याच घरातील वस्तूंवर ताबा नाही. अनात्मवादाची एवढी घरगुती मांडणी दुसरीकडे सहसा सापडत नाही. स्वयंपाकघरात जाऊन ‘कशासाठी आले होते बाई?’ म्हणून उभी राहणारी गृहिणी राजा मिलिंदाच्याच जागी उभी असते. फरक एवढाच, की तिला कोणी पुढचा प्रश्न विचारीत नाही.

लगेच दुसरा प्रश्न येतो. सर्व स्मृती आतूनच उपजते, की बाहेरून आणलेलीही असते? पालीत या दुसऱ्या प्रकाराला ‘कटुमिका’ असा शब्द आहे. कृत्रिम, दुसऱ्याने जागी करून दिलेली, असा त्याचा अर्थ. नागसेन म्हणतो की, अशी स्मृती नसती तर कारागिरांना सराव करावा लागला नसता, विद्यास्थानांना काही प्रयोजन उरले नसते आणि आचार्य निरर्थक ठरले असते. अध्यापकाच्या अस्तित्वाचे समर्थन शिष्याच्या विसरण्यावर उभे आहे, असा याचा सरळ अर्थ होतो. विद्यार्थी विसरतात म्हणून तक्रार करणाऱ्या प्राध्यापकवर्गाने हे वाक्य थोडे थांबून वाचावे.

२

यानंतर स्मृती किती प्रकारांनी उत्पन्न होते याची यादी येते. येथे एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. एका पाठात प्रकार सोळा असल्याचे सांगितले आहे. पण प्रत्यक्ष मोजले तर सतरा भरतात. दुसऱ्या पाठात संख्याच सतरा अशी आहे. स्मृतीवरील प्रकरणात मोजणीचीच आठवण चुकावी, हे पाठचिकित्सकांना अडचणीचे वाटले तरी प्रकरणाच्या आशयाशी विसंगत नाही.

यादीतील सर्वच प्रकार सारख्या योग्यतेचे नाहीत. गणिताने आठवणे, लिपीच्या अभ्यासाने पुढचे अक्षर आठवणे, ध्यानाच्या बळावर पूर्वजन्म आठवणे, यांचा येथे विचार करण्याचे कारण नाही. पण काही उदाहरणे थेट शेतशिवारातून आणि बाजारातून आलेली आहेत. सारखेपणाच्या खुणेवरून आठवण होते, हे सांगताना नागसेन म्हणतो की, कोणासारखा तरी दिसणारा माणूस पाहून आई, बाप, भाऊ, बहीण आठवते आणि उंट, बैल, गाढव पाहून तसाच दुसरा उंट, बैल किंवा गाढव आठवतो. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा मोठा बाजार तेथे असतो. त्या बाजारात फिरणारा शेतकरी जनावराच्या अंगावरून नजर फिरवीत ‘अगदी आपल्या सर्ज्यावानी’ म्हणून क्षणभर थबकतो, तो नागसेनाच्या यादीतल्या याच ओळीत उभा असतो. यादीत वरच्या जागी आनंदासारखा श्रेष्ठ भिक्षू आहे आणि त्याच यादीत गाढवही आहे. स्मृतीचा विचार करताना पाली परंपरेने प्रतिष्ठेची उतरंड मानली नाही, ही बाब महत्त्वाची.

दुसरा प्रकार लक्षणाचा. अंगावरच्या खुणेवरून बैल ओळखला जातो, असे उदाहरण तेथे आहे. लातूर जिल्ह्यातील देवणी गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोवंशाची पोटभेदांची नावे याच तत्त्वावर बसविलेली आहेत. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजूंना काळा रंग तो वानेरा. जवळजवळ सगळा पांढरा तो बालंक्या. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला तो शेवरा. खूण हेच नाव आणि नाव हीच आठवण. मराठीतील ‘खूणगाठ’ हा समास तर नागसेनाच्या दोन प्रकारांची एकत्र मोट बांधतो. लक्षण म्हणजे खूण. आणि निबंधन म्हणजे बांधणे, गाठ. राजे लोक ग्रंथ आणवून नियम ताडून पाहतात, या उदाहरणाला त्याने ‘पोत्थकनिबंधन’ म्हटले आहे. ज्या घरात ग्रंथ नव्हता, तेथे पदराला किंवा धोतराच्या सोग्याला गाठ मारली जात असे. बाजारातून मीठ आणायचे विसरू नये म्हणून मारलेली गाठ घरी आल्यावर दिसावी आणि ती कशासाठी मारली होती हेच आठवू नये, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. गाठ टिकली, अर्थ सुटला. धर्मचिन्हांच्या बाबतीत इतिहासात हेच घडत आले आहे. लातूरपासून फार दूर नसलेल्या तेर येथे विटांचे प्राचीन चैत्यगृह आज त्रिविक्रमाचे मंदिर म्हणून उभे आहे. चापाकार पाठीची ती वास्तू म्हणजे अर्थ विसरलेली एक गाठच होय.

तिसरा प्रकार ठळक घटनेचा. राज्याभिषेकासारखा मोठा दिवस माणसाला विसरता येत नाही, असे तेथे म्हटले आहे. नांदेड-लातूर भागातील वृद्धांना जन्मसाल विचारले, तर साल क्वचितच सांगितले जाते. ‘राजाकाराच्या वक्ताला मी पाळण्यात होते’, ‘बहात्तरच्या दुष्काळात लगीन झालं’, ‘भूकंपाच्या आदल्या साली थोरली नात झाली’, अशी गणना चालते. १९४८ ची पोलीस कारवाई, १९७२ चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे येथल्या आठवणींचे खांब आहेत. मधला काळ त्या खांबांना बांधलेला असतो. शाळेच्या दाखल्यावर मात्र याच पिढ्यांच्या असंख्य मुलांचा जन्म १ जून रोजी झालेला आढळतो, कारण नाव दाखल करताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहून टाकलेली असते. कागदाची स्मृती काटेकोर दिसते आणि खोटी असते. म्हातारीची स्मृती ढोबळ दिसते आणि खरी असते. ‘कटुमिका’ स्मृतीला दुय्यम न मानणाऱ्या नागसेनालाही हा भेद मान्य झाला असता.

३

आता बोलीतील शब्दांकडे वळता येईल. संस्कृत ‘स्मृति’, पाली ‘सति’, प्राकृत ‘सइ’ आणि मराठी ‘सय’ ही एकच वाट आहे. ज्या शब्दाचे भाषांतर ‘स्मृती’, ‘जागरूकता’, ‘सजगता’ असे करीत अभ्यासक अडखळतात, तो शब्द आपले मूळ घर न सोडता ‘सय’ या रूपात बायकांच्या बोलण्यात, जात्यावरच्या ओव्यांत राहिलेला आहे. ‘विसरणे’ हे क्रियापदही प्राकृत ‘वीसरइ’वरून आलेले आहे, पालीत ते ‘विस्सरति’ आहे. म्हणजे आठवणे आणि विसरणे या दोन्ही बाबतींत ग्रांथिक मराठीपेक्षा घरातली मराठी पालीला जवळची आहे.

‘ध्यान’ या शब्दाची कथा याहून रंजक आहे. पालीत ‘झान’ म्हणजे समाधीची पायरी. मराठवाडी बोलण्यात ‘माझ्या ध्यानातच नव्हतं’, ‘ध्यान ठिव’, ‘ध्यानीमनी नसताना’ असे म्हटले जाते आणि येथे ध्यान म्हणजे लक्ष व आठवण यांचे मिश्रण असते. पाली परंपरेत झान आणि सति या वेगळ्या संज्ञा आहेत. बोलीने मात्र ‘सति’चा नेमका तो दुहेरी अर्थ ‘ध्यान’ला देऊन टाकला. त्यातच तिसरा अर्थ आहे. विसराळू, गबाळ्या, वेळ-काळाचे भान नसलेल्या माणसाला ‘काय ध्यान आहे!’ म्हणतात. चित्ताची एकाग्रता, लक्षात असणे आणि लक्षात नसलेला माणूस हे तिन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, याचा उपयोग पुढे चूळपंथकाच्या कथेच्या संदर्भात होईल.

‘भान हरपणे’ हा वाक्प्रचारही असाच पाहता येतो. ज्याची स्मृती सुटली आहे त्याला पालीत ‘मुट्ठस्सति’ आणि बौद्ध संस्कृतात ‘मुषितस्मृति’ म्हणतात. म्हणजे ज्याची स्मृती चोरीला गेली आहे असा. शांतिदेवाच्या बोधिचर्यावतारात असंप्रजन्य, म्हणजे बेसावधपणा, हा चोरच कल्पिलेला आहे. ‘हरपणे’मध्येही ‘हरण’ ऐकू येते. भान आपण टाकीत नाही, ते नेले जाते. ‘विसर पडतो’, ‘सय येते’, ‘भान राहत नाही’, ‘याद ऱ्हात नाही’, या सगळ्या रचनांत माणूस कर्त्याच्या जागी नाही. घटना घडते आणि ती त्याच्याकडे येते किंवा त्याच्यापासून जाते.

येथे सावध राहिले पाहिजे. अशी रचना कन्नड, तेलुगू, हिंदी या भाषांतही आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नड शेजारी नांदते. दखनीचा प्रभाव तर ‘याद’ या शब्दातच दिसतो. तेव्हा मराठीच्या व्याकरणात बौद्ध अनात्मवाद दडलेला आहे, असे विधान करणे अशास्त्रीय ठरेल. शब्द टिकला म्हणून तत्त्वज्ञान टिकले असे होत नाही. म्हणावयाचे आहे ते इतकेच, की नागसेनाचा युक्तिवाद समजण्यासाठी लागणारा भाषिक अनुभव या बोलीच्या बोलणाऱ्याजवळ अगोदरच आहे आणि अध्यापनात त्याचा उपयोग केला जात नाही.

गोंधळलेपणाच्या बाबतीत ‘चकवा’ ही लोककल्पना घ्यावी. रात्री माणूस स्वतःच्याच शिवारात फिरत राहतो, पहाटेपर्यंत त्याच बांधावर येतो. रस्ता ओळखीचा, झाड ओळखीचे, पण दिशा लागत नाही. यावर जुने लोक जो उपाय सांगतात तो मोठा मार्मिक आहे : जागीच बसावे. चालणे वाढवले की चकवा वाढतो. पाली ‘मोह’ या शब्दाचे याहून नेमके चित्र भाष्यग्रंथांतही सापडणे कठीण. अंधार हे कारण खरे. पण ओळखीच्या जागेवरचा फाजील विश्वास हे अधिक खरे कारण. मागे धावणाऱ्या अंगुलिमालाला आपण थांबलो आहोत आणि थांबलेला नाहीस तो तूच, असे बुद्धाने सांगितल्याची कथा या लोकसमजाच्या शेजारी ठेवून शिकविली, तर ‘मोह म्हणजे दागिन्याची हाव’ हा गैरसमज एका तासात दूर होऊ शकतो.

४

बौद्ध वाङ्मयातील विसराळू माणसांत चूळपंथकाचे स्थान अनन्य आहे. धम्मपदाच्या पंचविसाव्या गाथेवरील अट्ठकथेत आणि चूळसेट्ठी जातकाच्या प्रास्ताविकात त्याची कथा येते. राजगृहाच्या श्रेष्ठीची मुलगी घरच्या दासाबरोबर निघून गेली; तिची दोन्ही मुले वाटेत जन्मली, म्हणून महापंथक आणि चूळपंथक. थोरला भिक्षू झाला, विद्वान झाला, अर्हत झाला. त्याने धाकट्याला संघात आणले आणि एक गाथा पाठ करायला दिली. चार महिन्यांत चूळपंथकाला ती एक गाथा पाठ झाली नाही. पुढचा चरण घेतला की मागचा सुटे. भावाने त्याला विहारातून निघून जायला सांगितले. इतकेच नव्हे, जीवकाच्या घरच्या भोजनाला किती भिक्षू येणार याची यादी करताना त्याचे नाव वगळले.

चीवर सोडून देण्याच्या विचाराने निघालेल्या या भिक्षूला बुद्ध दाराशी गाठतो. नवी गाथा देत नाही. पांढऱ्या फडक्याचा एक तुकडा देतो आणि ‘रजोहरणं’, म्हणजे मळ काढणे, एवढा एकच शब्द म्हणत उन्हाकडे तोंड करून ते चोळायला सांगतो. चोळता चोळता फडके मळते. स्वच्छ होते ते मळले, ते आपल्याच अंगाने मळले, हे पंथकाला दिसते आणि अनित्यता समजते. इकडे भोजनाच्या वेळी बुद्ध पात्रावर हात ठेवून सांगतो की विहारात अजून भिक्षू आहेत. बोलवायला गेलेल्या माणसाला आंबराईत हजार भिक्षू दिसतात आणि ‘पंथक कोण?’ विचारताच सगळेच ‘मी पंथक’ म्हणतात. ज्याला यादीत एका नावाचीही जागा नव्हती, त्याची हजार रूपे! कथाकाराचा हा विनोद कडवट आहे, हे रसिकाच्या ध्यानात येईल.

आनंदाशी तुलना केली की कथेचे मर्म उघड होते. स्मृतिमान भिक्षूंमध्ये अग्र म्हणून आनंदाचा गौरव आहे. बुद्धवचन टिकले ते त्याच्या पाठांतरामुळे. पण त्याच आनंदाला अर्हत्त्वासाठी पहिल्या संगीतीच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबावे लागले. गाथा विसरणारा आधी पोहोचला आणि सर्व लक्षात ठेवणारा मागून आला. म्हणजे पाठांतर ही एक गोष्ट आणि ‘सति’ ही दुसरी. परंपरेने पाठांतराला कमी लेखले असा याचा अर्थ नव्हे. खुज्जुत्तरा ही दासी बुद्धाचे प्रवचन ऐकून येई आणि राणी सामावती व तिच्या परिवाराला जसेच्या तसे सांगे. इतिवुत्तकाची परंपरा तिच्याकडे जाते. नागसेनाच्या यादीत आनंदाच्या बरोबरीने तिचेच नाव आहे. मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांची हिराइसा आठवावी. खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची प्रत गेल्यावर तिच्या मुखोद्गत पाठामुळे ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, असे परंपरा सांगते. ग्रंथ राजाच्या भांडारात असतो तसा तो एखाद्या बाईच्या तोंडीही असतो.

चूळपंथकाच्या मंदपणाचे कारण अट्ठकथा पूर्वजन्मात शोधते. कस्सप बुद्धाच्या काळी तो स्वतः विद्वान भिक्षू होता आणि एका मंदबुद्धी भिक्षूच्या पाठांतराची त्याने थट्टा केली. लाजून त्या भिक्षूने शिकणेच सोडले. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी माणसाची आजची अवस्था मागील जन्माच्या कर्मावर टाकण्याच्या कल्पनेवर कठोर आक्षेप घेतला आहे. त्या आक्षेपाच्या प्रकाशात हा भाग जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पण पूर्वजन्म बाजूला काढला, तरी एक सामाजिक निरीक्षण शिल्लक राहते. विसराळूपणाची थट्टा झाली, की माणूस शिकणे सोडतो. थट्टा करणारा विद्वान असला, तर अधिकच लवकर सोडतो. पाटी-पुस्तकाची पहिलीच पिढी ज्या वर्गात बसते, तेथे हे निरीक्षण कोणत्याही शिक्षणशास्त्रीय सिद्धांताइतके मोलाचे आहे. चूळपंथक ‘ध्यान’ होता आणि तेच ध्यान ध्यानाला लागले, ही कोटी केवळ मराठीतच शक्य आहे. ती वर्गात करायला हरकत नाही.

५

विस्मरणात बोध शोधण्याच्या या वाचनाला एक धोका आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ‘विसरून जा’ हा उपदेश सर्वांना सारख्या प्रमाणात केला जात नाही. नामांतराच्या प्रश्नावरून १९७८ साली ज्या गावांतून वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांची हत्या झाली, त्या गावांतील कुटुंबांना ‘झाले गेले विसरा’ म्हणणे म्हणजे धम्म सांगणे नव्हे. नागसेनाच्या यादीत हिताच्या आठवणीबरोबर अहिताची आठवणही स्वतंत्र प्रकार म्हणून आली आहे : जेथे दुःख भोगले, ती जागा आठवते. ती आठवण अकुशल आहे, पुसून टाकावी, असे तो कुठेही म्हणत नाही. प्रश्न आठवणीने माणसाला नेले, की माणसाने आठवणीकडे पाहिले, एवढाच आहे.

या दृष्टीने प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे १९७९ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन पुन्हा वाचण्यासारखे आहे. उदगीर परिसरात वाढलेला, आईबापांचे छत्र लहानपणीच गमावलेला, बहिणीच्या आसऱ्याने राहिलेला मुलगा पुढे मिलिंद महाविद्यालयात अध्यापक झाला, हा त्या ग्रंथाचा जीवनपट. समीक्षेने त्याचे वाचन प्रामुख्याने सामाजिक दस्तऐवज म्हणून केले आणि त्याच्या विस्कळीत रचनेविषयी दबक्या आवाजात तक्रारही केली. परंतु ही रचना कालक्रमाची नाही. ती सारखेपणाच्या खुणेवरून एका प्रसंगाकडून दुसऱ्याकडे उडत जाणारी आहे. शीर्षकातील पक्षी ही प्रतिमा अलंकार म्हणून आलेली नाही. पक्षी बोलावून येत नाहीत आणि धरून ठेवले तर पक्षी राहत नाहीत. भूक, अपमान, कोणी दिलेली भाकर, कोणी नाकारलेले पाणी, हे सगळे त्यात येऊन बसते. निवेदक त्यांना हाकलीत नाही आणि त्यांच्यामागे धावतही नाही. त्याची भाषा उदगीरकडच्या बोलीशी इमान राखते. प्रमाण मराठीत हेच प्रसंग आले असते तर त्यांचे पुरावे झाले असते, आठवणी राहिल्या नसत्या.

येथे नागसेनाने ‘सति’ची सांगितलेली दोन लक्षणे लावून पाहता येतात. पहिले, ‘अपिलापन’. वस्तू मनाच्या पृष्ठभागावर भोपळ्यासारखी तरंगत न जाऊ देता दगडासारखी तळाशी स्थिर ठेवणे, असा टीकाकारांनी त्याचा अर्थ लावला आहे. त्यासाठी नागसेन चक्रवर्ती राजाच्या भांडारपालाची उपमा देतो. तो सकाळ-संध्याकाळ राजाला सांगतो, आपले हत्ती इतके, घोडे इतके, सोने इतके. दुसरे लक्षण ‘उपग्गण्हन’, म्हणजे हिताचे ते उचलून धरणे आणि अहिताचे दूर ठेवणे. पहिल्या लक्षणावाचून दुसरे शक्य नाही. भांडारात काय आहे हे ठाऊक नसलेल्याने काय ठेवावे आणि काय टाकावे हे ठरविणे व्यर्थ आहे. ‘आठवणींचे पक्षी’मधील भांडारपाल सोने मोजत नाही, तो उपाशी दिवस मोजतो. पण मोजण्याची रीत तीच.

प्रश्न उरतो तो भाषांतराचा. ‘सम्मा सति’ला ‘सम्यक सय’ म्हणावे काय? व्युत्पत्ती बाजूने असली, तरी शब्दाचा आजचा भाव विरुद्ध आहे. ‘सय’ दूर असलेल्या माणसाची येते. तिच्यात ओढ आहे, सासरी गेलेल्या लेकीचे माहेर आहे. समोर असलेल्या वस्तूकडे पाहणे त्या शब्दाला पेलत नाही. ‘ध्यान’ हा शब्द ‘झान’साठी आधीच गुंतला आहे. ‘सजगता’त भूतकाळ नाही. तेव्हा ‘सम्यक स्मृती’ हीच संज्ञा ठेवणे भाग आहे. मात्र अध्यापनात तिच्याजवळ ‘सय’, ‘ध्यान’, ‘भान’ आणि ‘खूणगाठ’ हे चार शब्द एकत्र मांडले पाहिजेत. नांदेडजवळ दाभडच्या बावरीनगर महाविहारात पौष पौर्णिमेला धम्म परिषद भरते. तेथे खेड्यापाड्यांतून येणाऱ्या स्त्रिया पालीतील वंदना अस्खलित म्हणतात आणि परतीच्या गाडीची वेळ शेजारणीला ‘ध्यान ठिव गं’ म्हणून सांगतात. या दोन वाक्यांमधला रस्ता मराठीच्या अभ्यासकाने अद्याप नीट बांधलेला नाही. मिलिंदपञ्हातील हे प्रकरण परिसराच्या बोलीतील टिपांसह पदव्युत्तर अभ्यासक्रमात लावले, तर त्या कामाला सुरुवात होऊ शकेल.